एक मूठ जास्त

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ताईने अंगठी दाखवली. तळ्याकाठी तिच्या होणाऱ्या नवऱ्याने गुडघा टेकून तिला कसं विचारलं, बाळा, तू झाडामागे मोबाइल धरून कसा लपला होतास, सगळं मी पाहिलं. मग ताई, तू हसत हसत विचारलंस, "आजी, तुला कोणी असं विचारलं होतं का गं?" मी काही बोलायच्या आत तुमच्या बाबांनीच उत्तर दिलं. "त्या काळी कुठे असलं! आजोबा पोहे खाऊन गेले आणि पंधरा दिवसांत याद्या झाल्या." सगळे हसले. मीही हसले, आणि कॉल संपला.

पण मला विचारलं होतं. त्या काळी नव्हे. तीन श्रावणांपूर्वी, मी सत्तरी ओलांडल्यावर, जळगावच्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात. विचारणारे तुमचे आजोबा नव्हते. त्यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

फोनवर हे सांगायला मी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. म्हणून लिहिते आहे. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवली, पण हे इंग्रजीत लिहीत नाही. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, लागू दे. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे, ते इंग्रजीत बसणारे नाहीत.

आधी रोट म्हणजे काय ते सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी इकडे घरोघरी कानबाई बसते. नारळाची देवी, नाकात नथ, अंगावर दागिने. सोमवारी तिला वाजतगाजत निरोप. तिच्यासाठी गहू आणि हरभऱ्याची डाळ दळतात, ती मोजून. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तो परगावी असला तरी त्याची मूठ पडते. बाईच्या नावाची मूठ नसते. त्या पिठाचे जाड गोड रोट करायचे आणि ते फक्त त्या कुळाच्या माणसांनी खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, कामाच्या बाईला नाहीत, लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाहीत. आणि सगळं पौर्णिमेच्या आत संपवायचं. प्रत्येक घराच्या रीती थोड्या वेगळ्या असतील; सासूबाईंनी मला शिकवली ती ही. मी ती कधी मोडली नव्हती.

आता आपल्या घराचं पाहा. एक मूठ तुमच्या बाबांची आणि बाळा, एक तुझी. तुम्ही सगळे कॅनडात. खायला मी एकटी. मोलकरणीने एकदा डब्याकडे पाहून विचारलं होतं, "अक्का, इतकं कोनासाठी?" मी म्हणाले, "आहेत माझी माणसं." आणि दिवसभर दुधात कुस्करून तुमच्या वाट्याचे रोट खात बसले.

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे नाना राहायला आले ते त्यांच्या मुलाबरोबर. मुलगा पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला आणि नाना मागे राहिले. बायको आधीच गेलेली. मुलगी सुरतेला दिलेली. धुळ्याच्या एसटी स्टँडवर ते नियंत्रक होते, म्हणजे खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते लाऊडस्पीकरवर सांगणारे. निवृत्त झाले, पण बोलणं तेच राहिलं. मी भाजी घेऊन मागच्या दाराने आले की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. बाजाराकडून येणाऱ्या मॅडम आज उशिराने धावत आहेत. कारण, मेथी निवडून घेणे." पहिल्यांदा मला राग आला. दुसऱ्यांदा मी तोंड वळवून हसले. बाळा, मागच्या खेपेला तू आलास तेव्हा तुझ्या दोन अजस्र बॅगा पाहून "अवजड मालासाठी वेगळे तिकीट काढावे" म्हणाले होते, ते हेच.

माझं माहेर धुळ्याचं. नवी नवी नोकरी लागली तेव्हा मी दर सुट्टीला जळगावहून धुळ्याला जायची आणि परतताना त्या स्टँडवर गाडीची वाट पाहायची. आईने डब्यात काहीतरी दिलेलं असायचं, आणि घोषणा झाली की माहेर संपायचं. नानांना मी हे एकदा सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहेरून उठवनारा मीच," ते म्हणाले. "तुम्ही मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील."

"दिल्या. अहिराणीत."

"मग बरोबर. त्याबिगर लागत नाहीत."

अहिराणी मी घरी बोलायची, आईशी. कॉलेजात गेल्यावर सुटली. तुमचे आजोबा शुद्ध बोलायचे आणि कमी बोलायचे. माणूस फार चांगला. तुम्ही त्यांच्याबद्दल जे ऐकलं आहे ते सगळं खरं आहे आणि त्यातलं काही इथे कमी होत नाही. पण दिवसभर कोणीतरी आपल्याशी बोलावं, उगीचच बोलावं, आपण काय केलं त्यावर काहीतरी म्हणावं, ही गोष्ट माझ्या वाट्याला फार उशिरा आली. थंडीत नाना अंगणात कापसाच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजायचे. धूर माझ्या वाळत घातलेल्या साड्यांत शिरायचा. मी तक्रार केली की भिंतीवरून भरताची वाटी यायची. साड्यांना तो वास राहायचा, आणि मी त्या लगेच धुवायला टाकत नसे.

त्या श्रावणात कानबाई उठून दोन-तीन दिवस झाले होते. दुपार होती. पाऊस पडून ऊन आलं होतं आणि मी मागच्या पायरीवर ताटली घेऊन बसले होते. भिंतीवर नानांचं डोकं दिसलं.

"मॅडम, रोट संपले का?"

"कुठले संपतात! तुमचे?"

"माझ्या दातांनी संप केलाय. मुलाची मूठ, दोन नातवांच्या दोन, माझी एक. बठ्ठे पुण्याला पिझ्झा खाई ऱ्हायनात, आन इकडं म्हातारा रोट फोडतोय हातोडीने."

त्यांच्या बायकोनंतर ते रोट स्वतः करायचे. ते कसे होत असतील याची मला कल्पना होती, कारण त्यांच्या भाकरीही मी पाहिल्या होत्या.

"पीठ जरा सैल मळायचं असतं, नाना."

"आते सांगताय! बरं, तुमचे मऊ झालेत, माझे दगड. तुम्हालाही जड, मलाही जड. अदलाबदल करू?"

"काहीतरीच काय बोलता! एका कुळाचे रोट दुसऱ्याला चालतात का?"

"नाही चालत?"

"तुम्हाला माहीत नाही होय?"

"माहीत शे. म्हणून तर तोड काढली." त्यांनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. "यंदा मी एक मूठ जास्त टाकली."

मला वाटलं, पुण्याहून बातमी आली. मी खरंच आनंदाने ताटली खाली ठेवली. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! सुनेला कितवा महिना?"

नानांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, तुम्ही एवढी पोरं पास केली, ती कशी केली?"

"म्हणजे?"

"नातू नाही. बाईमाणूस शे."

"बाईच्या नावाची मूठ नसते, नाना."

"कोण म्हणतं? कानबाई काय बाप्या शे? तिला मी सांगून टाकली. ती काही बोलली नाही. म्हणजे हो." मग ते खाली वाकले, एक झाकलेली ताटली वर काढली आणि भिंतीवर ठेवली. त्यांच्या बाजूला नाही, माझ्या बाजूला नाही, बरोबर मधोमध. "हा त्या मुठीचा. आमच्या कुळाच्या माणसालाच चालतो. तुम्ही खाल्ला तर तुम्ही आमच्या. मग तुमच्याकडचा डबाही मला चालेल का, ते तुमच्या सासूबाईंना विचारावं लागेल, पण ते पुढचं पुढं."

हे त्यांनी नेहमीच्याच आवाजात सांगितलं, गाडी लागल्याचं सांगावं तसं. मी पाहत राहिले, कुठून हसू येईल म्हणून. ते हसत नव्हते. कान लाल झाले होते त्यांचे.

"नाना, आपली वयं काय..."

"ते मी विचारलं नाही," ते म्हणाले. "घाई नाही. फक्त कावळे बसलेत, ते पाहा." आणि ते आत निघून गेले.

मी उठून भिंतीपाशी गेले. ताटलीला हात लावला नाही. पण वरचं झाकण हलकं होतं, कावळ्याने सहज पाडलं असतं. म्हणून घरातून वरवंटा आणला, झाकणावर ठेवला आणि आत गेले. संध्याकाळी पाहिलं तर वरवंटा धुऊन माझ्या पायरीवर ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी आवाज आला, "तुमच्या वाटणीचा मीच खाल्ला. पौर्णिमा थांबत नाही. पुढच्या वर्षी परत टाकीन मूठ. तोवर विचार करा." आणि लगेच पुढे, "वरवंटा मात्र भारी शे. नकार असता तर डोक्यात घातला असता, असं मी धरून चाललो."

मी विचार केला. तुम्ही दोघं मला ओळखता, मी सगळ्याचा विचार करते. कॉलनी काय म्हणेल, हे मी दोन दिवसांत ओलांडलं. कॉलनी ज्याचं-त्याचं म्हणतच असते. तुमच्या बाबांना कसं सांगायचं, हे अवघड होतं, पण सांगता आलं असतं. अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते तुम्हाला कदाचित हास्यास्पद वाटेल. मी नानांच्या घरचे रोट खाल्ले तर मी त्यांच्या कुळाची. मग आपले रोट कोण करणार? तुझी मूठ, बाळा, कोण टाकणार? तू तिकडे बर्फ खोदत असतोस. इथे एका डब्यात तुझं नाव घेऊन कोणीतरी धान्य टाकतं, आणि ते मी बंद केलं तर ते कायमचं बंद. तुमच्या आजोबांचं घर माझ्या हातावर उभं होतं, आणि हात सोडायचा की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. दुसरीकडे भिंत होती. रोज सकाळी त्या भिंतीकडे माझे कान लागलेले असायचे.

दिवाळीत तुमचे बाबा आले होते. सांगायचं ठरवलं होतं. ते चार दिवस लॅपटॉपवर होते, आणि गेले.

थंडी सुरू झाली. वांगी भाजण्याच्या आदल्याच दिवशी नाना मोरीत घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय धरेना. सुरतेची मुलगी आली, चांगली मुलगी आहे, आणि गाडीत मागची सीट आडवी करून त्यांना घेऊन गेली. मी फाटकापाशी उभी होते. खिडकीतून त्यांनी हात वर केला.

"ही गाडी कुठे जाते, चौकशी करून बसा म्हणायचो मी लोकांना," ते म्हणाले. "मला कोणी विचारलंच नाही."

मुलगी म्हणाली, "बाबा, आता गप्प बसा." आणि गाडी निघाली.

त्यानंतर भिंतीपलीकडे कुलूप. जळगावचा उन्हाळा तुम्ही पाहिलेला नाही. दुपारी पाखरूही बोलत नाही. मी बाजारातून मेथी घेऊन यायची आणि मागच्या दारात जरा थांबायची. उगीच. थांबून काय होणार होतं? मग आत येऊन भाजी निवडायची. त्याआधी थंडीभर साड्याही अगदी स्वच्छ वाळल्या होत्या.

फोन करत असे. पण नानांना आधीच कमी ऐकू यायचं आणि आता फोनवर काहीच कळेना. मुलगी मध्ये बसून निरोप द्यायची. पुढच्या श्रावणात तिने फोन केला. "मॅडम, बाबा विचारतात, रोट झाले का? आणि म्हणतात, यंदा आमचे पडले."

पडले म्हणजे झाले नाहीत. मुलीच्या घरी ते होऊ शकत नव्हते. तिचं कूळ आता वेगळं. पुण्याच्या सुनेला जमलं नाही. म्हणजे पुढच्या वर्षी परत टाकीन म्हणाले होते ती मूठ पडलीच नाही. मुलीला वाटलं, वडील देवाधर्माचं बोलताहेत. मी म्हणाले, "झाले म्हणावं." फोन ठेवला आणि दळणाचा डबा पुढ्यात घेऊन बसून राहिले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. तोच प्रश्न, तेच उत्तर.

यंदा धान्य मोजायला बसले. तुमच्या बाबांची मूठ टाकली. तुझी टाकली. आणि हात परत धान्यात गेला. मी त्याला पाठवला असं म्हणता येणार नाही, पण थांबवलाही नाही. बाईने दुसऱ्या कुळात जायचं, एवढंच मला शिकवलेलं होतं. पुरुषाला आपल्या कुळात घ्यायचं नाही, असं सासूबाई कधी म्हणाल्या नव्हत्या. कदाचित त्यांना तसं कोणी विचारेल असं वाटलं नसेल. नानांच्या नावाने सव्वा मूठ गहू-डाळ मी आपल्या दळणात टाकली. तुमचं काही कमी केलं नाही.

रोट करून डब्यात भरले आणि सकाळच्या गाडीने सुरतेला निघाले. अमळनेर, नंदुरबार, मग डोंगर, मग गुजरातीत पाट्या. डबा मांडीवर होता. समोरच्या बाईने विचारलं, "काय नेता, अक्का?" मी म्हणाले, "प्रसाद." ती हात पुढे करेल या भीतीने मी डबा पिशवीत घातला.

नाना खिडकीजवळच्या पलंगावर होते. फार वाळले होते. मला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही म्हणून हसले. मी शेजारी खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाले, "यंदा एक मूठ जास्त टाकली."

"काय?"

"मूठ. टाकली."

"ऊठ? कुठे?"

मुलगी स्वयंपाकघरात होती, जावई हॉलमध्ये पेपर वाचत होते. मी सगळं वय, सगळी नोकरी बाजूला ठेवून त्यांच्या कानाशी ओरडले, आणि तोंडातून आली ती आईची भाषा. "तुमना नावनी मूठ टाकी मी! आमना दळणमा!"

पेपर खाली आला. मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली. ती खानदेशची लेक आहे, तिला अर्थ सांगावा लागला नाही. मी खाली पाहत होते. मग तिने ट्रे ठेवला, आत गेली आणि एक रिकामी ताटली आणून माझ्या हातात दिली. एकच ताटली आणली तिने.

नाना माझ्याकडे पाहत होते. "पौर्णिमा कधी शे?"

"परवा."

"मग गाडी वेळेवर शे," ते म्हणाले.

त्यांना चावता येत नव्हतं. मी दुधात कुस्करून दिला. तो त्यांनी सगळा खाल्ला. मध्येच डोळे पुसले आणि म्हणाले, "पीठ सैल मळलंय. सासरी जाऊन सुख शे माझं." जावई हसले, मग मुलगीही हसली आणि हसताना रडली.

दुसऱ्या दिवशी मी परत आले. नाना आता जळगावला येऊ शकत नाहीत. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं आहे, आणि मुलीच्या घरी मी राहायला जाणं तिला चाललं असतं, पण मला चाललं नसतं. हे घर बंद केलं तर श्रावणात कानबाई कुठे बसवायची? म्हणून रविवारी मुलगी त्यांच्यासमोर मोबाइल धरते. त्यांना ऐकू येत नाही, मी बोलत नाही. थोडा वेळ पाहतो आणि ठेवतो. ठेवल्यावर घर फार मोठं वाटतं. तुमचा कॉल मी नेहमी त्याच्यानंतर लावते, म्हणून मी कधी कधी गप्प असते. आजारी नसते. तुमच्या बाबांना हे तुम्हीच वाचून दाखवा. ते आधी उठून पाणी प्यायला जातील. जाऊ द्या, परत येतील.

नाना सुरतेला आहेत, मी जळगावला. लग्न झालेलं नाही आणि आता होईल असं मला वाटत नाही. त्यांनी विचारलेलं आहे, मी हो म्हटलेलं आहे, आणि आम्ही दोघंही अजून आहोत.